चोवीस नंबरची हजेरी

निवांतला फोन लावायचा म्हणजे माझी सकाळ चिडचिडीनेच सुरू होणार, हे ठरलेलं होतं. त्याचं खरं नाव वर्गात कोणी घेतलं नाही, मग साठीला आल्यावर कोण घेणार? कॉलेजात पहिला तास साडेसातला असायचा. हा साडेआठला डोळे चोळत यायचा. सरांनी एकदा कारण विचारलं, तर म्हणाला, "काही नाही सर, निवांत उठलो." तेव्हापासून तो निवांत. मी टाचणी. उंचीने कमी आणि टोचते जास्त, असं याच लोकांचं मत.

आमचे रोल नंबर लागोपाठचे. मी तेवीस, तो चोवीस. चार वर्षं त्याची खोटी हजेरी मी लावली. मान खाली घालायची, आवाज घोगरा करायचा आणि "येस सर" म्हणायचं. मी कधी पकडली गेले नाही आणि त्याने कधी आभार मानले नाहीत. आभार मानायची त्याची मोठी बहीण. आम्ही सगळे तिला ताईच म्हणायचो. तिने लग्न केलं नाही, भावाला शिकवलं, त्याची बायको गेल्यावर पुन्हा त्याचं घर सांभाळलं. सत्तरी उलटली तरी तिचा आवाज खणखणीत होता. फोनवर ती आली की मी तिच्याशी आधी गप्पा मारायची आणि मग तिच्या भावाला शिव्या द्यायची.

युद्ध सुरू झालं आणि पहिल्या महिन्यातच मोबाईलचे टॉवर आडवे झाले. जमिनीखालच्या तारांचे जुने फोन तेवढे टिकले. ज्यांनी ते माळ्यावर टाकले होते त्यांनी धूळ झटकून पुन्हा जोडले. आमच्या वर्गातले अकरा जण या शहरात राहिलो होतो. वर्गाचा मॉनिटर आता नागरी संरक्षणाच्या कार्यालयात बसतो. माणूस म्हातारा झाला, मॉनिटर मात्र मॉनिटरच राहिला. त्याने आमची साखळी बांधली. हल्ला थांबला की, आणि शिवाय रोज संध्याकाळी एकदा, त्याने पहिल्या नंबरला फोन करायचा, पहिल्याने पुढच्याला, असं करत शेवटच्याने पुन्हा मॉनिटरला. समोरचा बोलला की त्याचा नंबर हजर. दहा वेळा वाजूनही उचलला नाही तर गैरहजर, आणि त्याला सोडून पुढच्याला लावायचा. जो गैरहजर असेल त्याच्या पत्त्यावर मॉनिटर ढिगारे उपसणारं पथक पाठवायचा. त्याच्या टेबलावर अशा कितीतरी याद्या होत्या, गल्ल्यांच्या, कारखान्यांच्या. आमची त्यातलीच एक.

त्या साखळीत निवांत दोनदा गैरहजर लागला होता. पहिल्या वेळी पथकाने कुऱ्हाडीने दार फोडलं, तेव्हा हा गालाला साबण लावून आरशासमोर उभा. ताई बाहेर पाण्याच्या रांगेत. दुसऱ्या वेळी त्याने फोन उशीखाली दाबून ठेवला होता, कारण म्हणे त्याच्या आवाजाने दचकायला होतं. त्या दुसऱ्या खेपेला पथक एका पडलेल्या घरावरचं काम अर्धवट टाकून आलं होतं आणि वीस मिनिटांनी परत गेलं. त्या वीस मिनिटांत तिथे काय झालं ते मॉनिटरने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तो एवढंच म्हणाला, "टाचणे, यापुढे खात्री असल्याशिवाय गैरहजर लावू नकोस."

मी निवांतला झापझाप झापलं. तो म्हणाला, "अगं, डोळा लागला होता."

त्या दिवशी तोफा पहाटे सहाला सुरू झाल्या आणि पावणेसातला थांबल्या. माझ्या खिडकीतून स्टेशनच्या बाजूला धूर दिसत होता. निवांतचं घर बरोबर उलट्या दिशेला, आणि ती बाजू मला दिसत नाही. सातला बावीस नंबरचा फोन आला. हा आमच्याबरोबर इंजिनियर झाला आणि पुढे जन्मभर घड्याळं दुरुस्त करत बसला. मी हजर म्हटलं आणि निवांतला लावला.

दहा वेळा वाजला. पुन्हा लावला. पुन्हा दहा वेळा वाजला.

फोन वाजतोय म्हणजे घर उभं आहे, असं मी स्वतःला सांगितलं. ही शुद्ध थाप होती. तार शाबूत असली की फोन कुठेही पडलेला असो, वाजतोच, हे मला कळत होतं. पण मला राग आला होता. हा बेटा लोळत पडलाय, ताई रांगेत गेलीये, आणि याच्यापायी आणखी कुणाच्या तरी डोक्यावरचे दगड वीस मिनिटं उशिरा निघणार. मी अठ्ठावीस नंबरला फोन लावला. तिची बेकरी आहे.

"चोवीस हजर आहे," मी म्हटलं. "माझं बोलणं झालं. त्याची लाईन खरखरतेय, म्हणून तुला मीच सांगतेय."

"मला वाटलंच," ती म्हणाली. "त्याचं एक धड असेल तर शपथ." आणि तिने पुढे फोन लावला.

मी डबा भरला आणि कामावर गेले.

माझी नोकरी पाणीपुरवठ्याच्या नकाशांच्या खोलीत. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण युद्धात माझ्यासारख्या म्हाताऱ्यांना परत बोलावलं, कारण कुठली पाइपलाइन कुठून गेली आहे ते कागदावर आहे आणि कुठला कागद कुठल्या खणात आहे ते माझ्या डोक्यात आहे. लांबरुंद, चपटे लोखंडी खण, छातीपर्यंत उंच. त्यात शहराचा एकेक तुकडा आडवा पडलेला. कुठे लाईन फुटली की व्हॉल्व्हमन सायकल मारत येतो, गल्लीचं नाव सांगतो आणि मी नकाशा काढून कुठली चावी बंद करायची ते दाखवते.

साडेदहाला व्हॉल्व्हमन आला. घोट्यापर्यंत चिखल. त्याने गल्लीचं नाव सांगितलं आणि माझा हात खणावरच थांबला.

"बारा इंची फुटलीये मॅडम. दोन इमारती खाली बसल्यात तिथे. रस्त्यावर नदी झालीये."

"कुठल्या दोन?"

"कोपऱ्यावरची. आणि तिच्या मागची, चार मजली."

मागची चार मजली म्हणजे निवांतची. तळमजला, मागच्या दोन खोल्या, जिन्याला लागून.

"माणसं?" मी विचारलं.

"कोपऱ्यावरची सगळी बाहेर काढली. मागची रिकामी आहे. पथक बघून गेलं. पांढरी फुली मारलीये."

मी टेबलावरचा फोन उचलला आणि निवांतला लावला. आता वाजतही नव्हता. मग मॉनिटरला लावला.

"चोवीस गैरहजर आहे," मी म्हटलं.

"साखळी संध्याकाळी."

"सकाळची सांगतेय. तो सकाळी बोललाच नाही माझ्याशी. मी त्याची हजेरी लावली."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"टाचणे," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज मला ओळखू येईना. "आठ वाजता पथकाने तिथून मला विचारलं होतं. वरचे मजले रिकामे आहेत, मागे तळाला कोणी राहतं का म्हणून. मी यादी बघितली. चोवीस हजर. मी म्हटलं, हल्ला थांबल्यावर तो बोललाय, म्हणजे तो आणि त्याची बहीण बाहेर पडलेत, तुम्ही निघा."

"त्यांना परत पाठव."

"माझ्याकडे त्या भागात एकच पथक आहे. ते आत्ता जिथे आहे तिथे ढिगाऱ्याखालून दोन मुलांचा आवाज येतोय. फुली मारलेल्या इमारतीसाठी मी त्यांना तिथून कसं उठवू? नुसत्या शंकेवर?"

"शंका नाहीये ही."

"मग मला आवाज दे. तिथे जा आणि आवाज मिळव. मिळाला की अर्धी माणसं काढून पाठवतो. त्याच्याआधी नाही."

तो चुकीचं बोलत नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मी नकाशाची गुंडाळी काखेत मारली आणि व्हॉल्व्हमनच्या सायकलवर मागे बसले. एकसष्टाव्या वर्षी सायकलवर डबलसीट. एरवी मी स्वतःवर हसले असते.

गल्लीच्या तोंडाशी पाणी पोटरीपर्यंत होतं. समोरची इमारत वाकून बसली होती. वरचे दोन मजले सरळ खालच्या मजल्यांवर आले होते. भिंतीच्या उरलेल्या तुकड्यावर हातभर मोठी पांढरी फुली होती आणि रंगाचे ओघळ सुकले होते. मी त्या फुलीसमोर उभी राहून त्याला हाका मारल्या. ताईला हाका मारल्या. फुटलेल्या लाईनीच्या आवाजात माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

"आधी पाणी बंद करू मॅडम," व्हॉल्व्हमन म्हणाला. "पाणी चालू असेस्तोवर इथे कोणालाच काही ऐकू येणार नाही."

मी नकाशा उघडला. कोपऱ्यावरची चावी ढिगाऱ्याखाली गेली होती. त्याच्याआधीची दीडशे पावलं मागे, रस्त्याच्या डाव्या कडेला. मी पावलं मोजत गेले, त्याने पाण्यात हात घालून झाकण शोधलं, लांब दांडा आत घातला आणि दोघांनी मिळून तो फिरवायला सुरुवात केली. ती चावी बहुधा दहा वर्षांत कोणी हलवली नसावी. एकेका फेऱ्याला तो दात खात होता. त्याला थांबून दम घ्यावासा वाटायचा आणि मी त्याला घेऊ देत नव्हते. बिचाऱ्याने मला एका शब्दाने विचारलं नाही की मॅडम, तुमचं तिथे कोण आहे.

पाणी थांबलं तेव्हा सव्वा अकरा झाले होते. गल्ली एकदम शांत झाली. मी पुन्हा हाका मारल्या. काहीच आलं नाही.

मग त्याने सायकलला बांधलेली सळई सोडली. चार फुटी लोखंडी सळई, वरच्या टोकाला वाटीसारखी लाकडी मूठ. गळती शोधायला हे लोक ती पाइपावर टेकवतात आणि मुठीला कान लावतात. जमिनीखाली कुठे पाणी झिरपत असेल तर त्यांना ते ऐकू येतं. भिंतीतून इमारतीत जाणारा घरगुती पाइप वाकून बाहेर आला होता. त्याने सळई त्यावर टेकवली, कान लावला आणि डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"पाणी नाहीये हे," तो म्हणाला. "तुम्ही ऐका."

मी कान लावला. आधी माझ्याच कानातलं रक्त ऐकू आलं. मग टक. थोड्या वेळाने टक, टक. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा टक. घाई नाही, हिसका नाही. कोणीतरी कंटाळून टेबलावर पेन्सिल आपटावी तसं. या माणसाला ढिगाऱ्याखालीसुद्धा घाई म्हणून नव्हती, आणि मी त्या सळईला धरून रडले.

समोरच्या दवाखान्यात फोन चालू होता. मी मॉनिटरला सांगितलं. तो "पाठवतो" म्हणाला आणि त्याने लगेच फोन ठेवला.

पाच जण आले. पथकाच्या प्रमुखाने आधी फुलीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. "आम्हाला सांगितलं होतं कोणी नाही म्हणून," तो म्हणाला. मी म्हटलं, "हो, माझ्यामुळे." त्याला बहुतेक ते कळलं नाही, किंवा कळून घ्यायला वेळ नव्हता. त्यांनी बादल्यांनी आणि हातांनी उपसायला सुरुवात केली, कारण यंत्र त्या मुलांपाशीच ठेवलं होतं. मी आणि व्हॉल्व्हमन बादल्यांच्या रांगेत उभे राहिलो. पाण्याने भिजलेला ढिगारा दोनदा घसरला आणि दोनदा सगळे मागे सरकले.

निवांत दोन वाजता बाहेर आला. जिन्याखालच्या खोबणीत होता. एक पाय मोडलेला, अंगभर पांढरी धूळ, हातात अजून चमचा. त्याने मला बघितलं, काही बोलायला तोंड उघडलं आणि खोकत राहिला. त्याला नेल्यावर तासाभराने ताईला काढलं. तिच्या अंगावर तिथलीच एक चादर घातली. पथकातला डॉक्टर म्हणाला, गेल्याला तीन-चार तासच झाले असतील. मी मनात हिशोब केला. केला नसता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मॉनिटर स्वतः माझ्या घरी आला. युद्ध सुरू झाल्यापासून तो पहिल्यांदाच टेबलामागून उठला असेल. दारातच उभा राहिला.

"मुलं जिवंत निघाली, दोन्ही," तो म्हणाला.

"बरं झालं."

"मी नोंद दुरुस्त केलीये. लाईन खराब असल्यामुळे नंबर ऐकण्यात चूक झाली, असं लिहिलंय. अठ्ठावीस काही बोलणार नाही, मी तिच्याशी बोललोय. तूही बोलू नकोस."

"निवांतला?"

"त्याला तर अजिबातच नको. त्याचं आता कोण उरलंय? चाळीस वर्षांच्या ओळखीची माणसं आहोत आपण. तीही कशाला काढून घेतेस त्याच्याकडून?"

मी मान हलवली. त्याला वाटलं, कबूल केलं. मलाही तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी निवांतला भेटायला गेले. व्यायामशाळेचा दवाखाना केला होता. भिंतीवरच्या शिड्यांना सलाइनच्या बाटल्या लटकत होत्या. त्याचा पाय विटा बांधून ताणून ठेवला होता. मला बघून त्याने शेजारच्या स्टुलावरचे कपडे हाताने बाजूला केले.

"बस," तो म्हणाला. "तुझ्यामुळे वाचलो म्हणे. सळई लावून शोधलंस."

"व्हॉल्व्हमनने."

"ताईला शेवटपर्यंत शुद्ध होती." तो छताकडे बघून बोलत होता. "मी जिन्याखाली, ती दारात. कमरेखालचं काही दिसत नव्हतं तिचं. पण हात पोचत होता. सातला फोन वाजला गं. कुठे उलटा पडला होता कोण जाणे, पण वाजत होता. दहा वेळा. मग परत दहा वेळा. मी तिला म्हटलं, ताई, आता काळजी सोड, टाचणी आहे ती. मी नुसता झोपलो तरी पथक पाठवते बया, आज तर खरंच उचलता येत नाहीये. ती हसली. खरंच हसली. म्हणाली, पोरीला फार त्रास देतोस तू."

मी स्टुलाची कड धरून बसले होते.

"आणि आले ना ते. पावलं ऐकली मी डोक्यावर, बोलणी ऐकली. ओरडायला गेलो तर तोंडात सगळी माती. मग ते गेले. ताई म्हणाली, यंत्र आणायला गेले असतील. तास झाला, दोन तास झाले, ती तेच म्हणत होती, यंत्र जड असतं, आणायला वेळ लागतो. मग बोलायची थांबली. मी चमचा आपटत राहिलो." त्याने पहिल्यांदा मान वळवली. "का गेले असतील गं ते? आले होते ना?"

उत्तर माझ्यापाशी तयार होतं. मॉनिटरने लिहूनसुद्धा ठेवलं होतं. लाईन खराब होती. तीन शब्द, आणि तो विश्वास ठेवणार, हे मला दिसत होतं.

"मी तुला हजर लावलं होतं," मी म्हटलं.

त्याला कळलं नसावं, म्हणून मी पुढे सांगितलं.

"दोनदा वाजवून तू उचलला नाहीस. मला वाटलं झोपलायस. मी बोलणं झालं म्हणून सांगितलं. पथकाने विचारलं तेव्हा मॉनिटरने यादी बघून सांगितलं की इथे कोणी नाही. म्हणून ते गेले."

"कॉलेजात लावायचीस तशी?"

"हो. तशीच."

शेजारच्या खाटेवरचा माणूस पाणी मागत होता. कोणीतरी येऊन त्याला पाणी पाजलं, बाटली बदलली, निघून गेलं. माफी मागायला म्हणून मी तीनदा तोंड उघडलं आणि प्रत्येक वेळी मला माझीच लाज वाटली. निवांतने चेहरा भिंतीकडे वळवला. मी उठावं की बसावं ते कळेना, म्हणून बसून राहिले.

"उद्यापासून मला तू फोन करू नकोस," तो भिंतीकडेच बघत म्हणाला. आवाजात राग नव्हता, राग असता तर मला बरं वाटलं असतं. "बावीसला करू दे."

बारा दिवसांनी त्याला त्याच्या चुलतभावाकडे नेलं. तिथे फोन होता. तो नंबर मॉनिटरने सगळ्यांना कळवला. माझ्या वहीत मी तो लिहिला नाही, पण पहिल्या ऐकण्यातच पाठ झाला, त्याला मी काय करू.

त्याच्या पुढच्या सकाळी पुन्हा हल्ला झाला. अर्धा तास चालला. थांबल्यावर मी फोनपाशी जाऊन उभी राहिले. बावीसचा फोन आला.

"तेवीस?"

"हजर."

"बरं. चोवीसला मी लावतो आता. पुढचं तोच बघेल." तो जरा घुटमळला. सरळ माणूस आहे, त्यालाच अवघडल्यासारखं झालं होतं. "नियमाप्रमाणे दहा वेळा ना?"

"वीस वेळा वाजू दे. त्याचा पाय प्लास्टरमध्ये आहे. उठून यायला वेळ लागेल."

"आणि वीस वेळा वाजूनही नाही उचलला तर?"

"तर गैरहजर लाव."

"झोपला असेल तर?"

"झोपला असला तरी गैरहजर लाव."

त्याने फोन ठेवला. मला पुढे कोणाला लावायचा नव्हता. मी रिसीव्हर जागेवर ठेवला आणि वीसपर्यंत मोजलं, मग आणखी वीस. त्याने फोन उचलला की नाही हे मला संध्याकाळपर्यंत कळणार नव्हतं, आणि साखळी चालू असताना लाईन अडवायची नसते, म्हणून कोणाला विचारताही येत नव्हतं.